पाठलाग आणि सोबत

चंदीगडहून लुधियान्याच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात खरड लागते. गाव जुने आहे. येथे अज सरोवर नावाचे एक तळे असून, प्रभू रामचंद्रांचे आजोबा अज महाराज यांच्याशी त्याचा संबंध आहे, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. कालिदासाचे 'रघुवंश' ज्यांनी वाचले असेल, त्यांना हा राजा आठवेल तो त्याच्या पराक्रमामुळे नव्हे, तर त्याच्या विलापामुळे. पत्नी इंदुमती अकस्मात निघून गेली तेव्हा पृथ्वीचा हा स्वामी सामान्य माणसासारखा रडला. आणि तिचे गुण आठवताना त्याने तिला नुसती गृहिणी म्हटले नाही, 'सखी'ही म्हटले. स्त्रीपुरुषांच्या नात्यात सख्य असावे, ही अपेक्षा आपल्याकडे किती जुनी आहे, याची ही साक्ष आहे.

त्या तळ्याभोवतीचे आजचे खरड मात्र निराळे आहे. चंदीगड आणि मोहालीच्या कचेऱ्यांत व कारखान्यांत काम करणारी, आसपासच्या महाविद्यालयांत शिकणारी हजारो तरुण माणसे येथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. जिन्यावर समोरासमोर भेटणाऱ्या दोन कुटुंबांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतात. भारतातील कोणत्याही वाढत्या शहराच्या कडेला हेच दृश्य दिसते. पुण्याजवळ हिंजवडीत दिसेल, ठाण्याच्या पलीकडे दिसेल.

अशा एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आपलीच मुलगी राहते, असे वाचकांनी क्षणभर कल्पावे. ती नोकरीसाठी चंदीगडला जाते. गेले दोन महिने एक तरुण तिच्या बसथांब्यावर उभा असतो. ती चढली की तो चढतो, ती उतरली की तो उतरतो. 'मला बोलायचे नाही,' असे तिने त्याला स्पष्ट सांगितले आहे. तरीही रात्री अनोळखी क्रमांकांवरून फोन येतात. दर रविवारी ती आपल्याला फोन करते आणि 'सगळे ठीक आहे' असे सांगते. ती असे का सांगते? कारण खरे सांगितले तर आपण काय म्हणू, हे तिला ठाऊक आहे. आपण म्हणू, 'नोकरी सोड आणि घरी ये.'

या एका वाक्यात आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. अपराध दुसऱ्याचा आणि शिक्षा आपल्या मुलीला, अशी ही व्यवस्था आहे. आणि ती व्यवस्था गुन्हेगाराने नव्हे, प्रेम करणाऱ्या माणसांनीच उभी केलेली आहे.

शब्द अपुरा पडतो

मी भाषांतराचे काम करतो. इंग्रजी कायद्यातील 'स्टॉकिंग' या शब्दासाठी मराठीत आपण 'पाठलाग' असे म्हणतो. पण हा शब्द लिहिताना प्रत्येक वेळी लेखणी थोडी अडखळते. पाठलाग म्हटले की डोळ्यांपुढे चोराच्या मागे धावणारा शिपाई येतो. येथे तसे काही नसते. येथे कोणी धावत नाही. एक माणूस शांतपणे, रोज, महिनोन्‌महिने मागे असतो, आणि त्याच्या असण्यामुळेच एका स्त्रीचे जग आकसत जाते. ती रस्ता बदलते, वेळ बदलते, कपडे बदलते, फोन बदलते. शेवटी ती हसणेही बदलते.

याला कोणी प्रेम म्हणतात. चित्रपटांनी तर पिढ्यान्‌पिढ्या असेच शिकविले की नायिकेचा नकार हा होकाराचा उंबरठा असतो. सुज्ञ वाचकांनी आपल्या मुलांना एवढे एक तरी घरातच शिकवावे की 'नाही' या शब्दाचा अर्थ नाही असाच होतो. जे प्रेम समोरच्याला भीती घालते, ते प्रेम नव्हे. तो हक्क गाजविण्याचा प्रकार आहे.

आपल्या कायद्याने हे ओळखायला वेळ लावला. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचारानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि २०१३ मध्ये भारतीय दंडसंहितेत ३५४ ड हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाने घेतली आहे. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखविल्यावरही तिच्याशी पुनःपुन्हा संपर्क साधणे वा तसा प्रयत्न करणे, तिच्या मागे जाणे, किंवा इंटरनेट, ई-मेल वगैरे माध्यमांतून तिच्यावर पाळत ठेवणे, हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. म्हणजे 'त्याने अजून अंगाला हात तर लावला नाही ना?' हा प्रश्न आता कायद्यापुढे निरर्थक आहे. तो आपल्या दिवाणखान्यातूनही जायला हवा.

उशिरा आलेल्या या कायद्याची किंमत कोणी मोजली, हे महाराष्ट्राने विसरू नये. १९९० साली उल्हासनगरात शालान्त परीक्षा चालू असताना रिंकू पाटील या विद्यार्थिनीला परीक्षेच्या वर्गातच जाळून मारण्यात आले. तीस वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, हिंगणघाटच्या एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले आणि काही दिवसांतच तिचा अंत झाला. ज्याला आपण 'पोरांचा चाळा' म्हणून हसण्यावारी नेतो, त्याचे टोक कोठवर पोहोचू शकते, हे सांगायला ही दोन नावे पुरेत.

पंचकुल्याची तीन माणसे

खरडच्या एका अंगाला चंदीगड आहे आणि चंदीगडच्या पलीकडे हरियाणातील पंचकुला. रिंकू पाटीलच्या मृत्यूच्याच वर्षी, १२ ऑगस्ट १९९० रोजी, पंचकुल्यात एक घटना घडली. चौदा वर्षांची रुचिका गिऱ्होत्रा ही टेनिस खेळणारी मुलगी. हरियाणा पोलिसांतील महानिरीक्षक एस. पी. एस. राठोड हे त्या वेळी राज्याच्या टेनिस संघटनेचेही प्रमुख होते. संघटनेच्या कचेरीत बोलावून घेऊन त्यांनी तिचा विनयभंग केला. तेथे परत आलेली तिची मैत्रीण आराधना प्रकाश हिने तो प्रकार पाहिला.

त्या काळच्या अनेक घरांत ही गोष्ट येथेच संपली असती. परंतु आराधनाने आपल्या आईवडिलांना सांगितले, आणि आनंद व मधू प्रकाश या दांपत्याने ऐकले. ऐकून 'आपली मुलगी तर सुखरूप आहे ना' असे म्हणून त्यांनी दार लावून घेतले नाही. त्यांनी लोकांना एकत्र केले, निवेदन तयार केले, अधिकाऱ्यांचे दरवाजे ठोठावले. पोलीस महासंचालकांनी चौकशी करून गुन्हा नोंदवावा, असे मत सप्टेंबर १९९० मध्येच दिले होते. तरी प्रत्यक्ष गुन्हा नोंदला गेला तो डिसेंबर १९९९ मध्ये, न्यायालयाच्या आदेशाने.

मधल्या नऊ वर्षांत काय झाले? रुचिकाला शाळेतून काढून टाकण्यात आले. तिच्या भावावर मोटारचोरीचे आरोप ठेवण्यात आले. पुढे तो त्यांतून निर्दोष ठरला. कुटुंबाला राहते गाव सोडावे लागले. मुलगी घरात कोंडल्यासारखी झाली. डिसेंबर १९९३ मध्ये तिने आपले आयुष्य संपविले. तिला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप पुढे उच्च न्यायालयात टिकला नाही. परंतु विनयभंगाचा गुन्हा सिद्ध झाला. २१ डिसेंबर २००९ रोजी विशेष न्यायालयाने राठोड यांना सहा महिन्यांची शिक्षा दिली. २०१० मध्ये सत्र न्यायालयाने ती अठरा महिन्यांची केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून, भोगलेली सुमारे सहा महिन्यांची शिक्षा पुरेशी मानली.

शिक्षा किती, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल, आणि तो यावाच. पण मला येथे दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. एकोणीस वर्षे हा खटला जिवंत राहिला तो कोणामुळे? रुचिका गेली होती. तिचे घर मोडून पडले होते. खटला जिवंत ठेवला तो एका मैत्रिणीने आणि तिच्या आईवडिलांनी. त्यांचे रुचिकाशी रक्ताचे नाते नव्हते. आराधना मोठी झाली, लग्न होऊन ऑस्ट्रेलियात गेली, आणि साक्षीसाठी परत येत राहिली. शाळकरी वयात पाहिलेले सत्य तिने बत्तिशी उलटल्यावरही त्याच शब्दांत सांगितले.

शेजाऱ्याने किती करावे, मैत्रिणीने किती करावे, याचे मोजमाप आम्हांपाशी नाही, असे आपण नेहमी म्हणतो. हे घ्या मोजमाप. प्रत्येकाला ते गाठता येणार नाही. पण ते आहे, एवढे तरी आता नाकारता येणार नाही.

याच परिसरात ऑगस्ट २०१७ मध्ये मध्यरात्रीनंतर एका मोटारीने वर्णिका कुंडू या तरुणीच्या मोटारीचा चंदीगडच्या रस्त्यांवर पाठलाग केला. तिने गाडी न थांबविता पोलिसांना फोन केला. पोलीस आले आणि दोघे जण पकडले गेले. दुसऱ्या दिवसापासून काही लोकांनी विचारायला सुरुवात केली, 'मुलगी एवढ्या रात्री बाहेर होती कशाला?' तिचे वडील शासकीय सेवेतील वरिष्ठ अधिकारी होते. त्यांनी आणि तिने तोंड लपविण्यास नकार दिला. आपल्याकडून अपराध घडलेला नाही, मग नाव का झाकावे, अशी त्यांची भूमिका होती. थोड्याच दिवसांत देशातील अनेक शहरांतून स्त्रिया रात्रीच्या रस्त्यावर चालत निघाल्या. १९९० आणि २०१७ या दोन सालांत जो फरक दिसतो, तो कायद्याचा तर आहेच. पण त्याहून अधिक तो वडिलांनी मुलीच्या शेजारी उभे राहण्याचा आहे.

चार भिंतींच्या आत

बाहेरच्या पाठलागाबद्दल बोलणे त्या मानाने सोपे, कारण तेथे गुन्हेगार परका असतो. पण ज्याच्या हातात घराची किल्ली आहे, त्याच्याबद्दल काय?

कौटुंबिक हिंसाचाराचा विषय निघाला की आपल्या भाषेतील म्हणी धावून येतात. 'संसारात भांड्याला भांडे लागायचेच.' 'झाकली मूठ सव्वा लाखाची.' 'घरची अब्रू वेशीवर टांगू नये.' आणि सासरी निघालेल्या मुलीला निरोप देताना आपण काय म्हणतो? 'दिल्या घरी सुखी राहा.' हा आशीर्वाद आहे, यात शंका नाही. पण मार खाऊन आलेल्या मुलीच्या कानांत तो आज्ञेसारखा घुमतो. दिल्या घरी राहा. सुखी असलीस किंवा नसलीस तरी राहा.

या म्हणींच्या आड किती दुःख दडले आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, अठरा ते एकोणपन्नास वर्षांच्या विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते. त्याच पाहणीतील दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली. म्हणजे शंभरांतील शहाऐंशी जणींनी कोणाचेच दार ठोठावले नाही. आपले दारसुद्धा नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नावर विचार केला नाही असे नव्हे. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा मृत्यू झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये आरोपी निर्दोष सुटला. परंतु त्या मृत्यूने पुण्यातील अनेक घरांची झोप उडविली. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंचाच्या वतीने गावोगाव प्रदर्शन नेले. ते पाहताना स्त्रिया आपणहून बोलू लागल्या. पुढे अशा स्त्रियांसाठी जे केंद्र निघाले, त्याचे नावच 'बोलते व्हा' असे ठेवण्यात आले. या दोन शब्दांत अर्धा उपाय आला आहे.

१९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी, पण दूरदर्शी होती. पोलिसांच्या छताखालीच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसलेली असावी, म्हणजे घाबरून आलेल्या स्त्रीला गणवेशाआधी माणूस भेटेल. पुढे महाराष्ट्र शासनाने ही योजना आपलीशी केली आणि इतर राज्यांनीही तिचे अनुकरण केले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' केंद्र उघडले. 'जिन्यावरून पडले' असे सांगणाऱ्या स्त्रीच्या जखमेकडे पाहून परिचारिकेने आणखी एक प्रश्न हळुवारपणे विचारावा, ही त्यामागील दृष्टी आहे.

कायदा काय देतो

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्याच्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. म्हणून मुख्य गोष्टी येथे सांगतो.

हा कायदा केवळ पत्नीसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा वहिनी, विवाहाविना एकत्र राहणारी स्त्री, अशा सर्वांना तो संरक्षण देतो. हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. लैंगिक छळ, सततचा अपमान व धमक्या, खर्चाला पैसे न देणे, तिचा पगार वा स्त्रीधन काढून घेणे, हेही हिंसाचारातच मोडते.

न्यायदंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देऊ शकतात, घरात राहण्याचा आदेश देऊ शकतात, निर्वाहाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाईही देऊ शकतात. घर पतीच्या नावावर नाही, सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणून तिला रस्त्यावर काढता येईल, हा समज सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात दूर केला. अर्जाची पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत मिळावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. व्यवहारात विलंब होतो, हे खरे. म्हणूनच सोबतीची गरज असते. संरक्षणाचा आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

दूरच्या राज्यात दिलेल्या मुलींसाठी एक तरतूद फार मोलाची आहे. खरडला नांदणारी साताऱ्याची मुलगी माहेरी परत आली, तर तिला अर्जासाठी पंजाबात जावे लागत नाही. ती तात्पुरती जरी जेथे राहते, तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पतीकडून होणाऱ्या क्रूरतेची फौजदारी तक्रारही माहेरच्या ठिकाणी करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये दिलेला आहे.

पाठलागाच्या बाबतीतही हद्दीची अडचण मोठी वाटते. खरड पंजाबात, कामाची जागा केंद्रशासित चंदीगडमध्ये, आणि मागे लागणारा माणूस हरियाणातला! तीन ठिकाणचे तीन पोलीस. परंतु दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्याने नोंदवून घ्यावयाची असते. नंतर ती योग्य ठाण्याकडे पाठविली जाते. पाठलागाची तक्रार देणाऱ्या स्त्रीचा जबाब महिला पोलीस अधिकाऱ्याने घ्यावा, असाही नियम आहे. ठाण्यात दाद न लागल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळविता येते. वकिलासाठी पैसे नाहीत, ही सबब तर मुळीच नसावी. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार प्रत्येक स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्यास पात्र आहे.

आणि शेजाऱ्यांनो, आपल्यासाठीही या कायद्यात एक कलम आहे. हिंसाचार घडत असल्याचे ज्याला सकारण वाटते, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्‌हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. 'उगीच आपल्या अंगाशी यायचे,' ही आपली भीती कायद्याने आधीच दूर केलेली आहे.

आपण काय करावे

कायदा कागदावर असतो. तिच्यापर्यंत त्याला पोहोचवितो तो माणूस. तो माणूस आपण असू, तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट ऐकण्याची. ती सांगत असताना मध्ये बोलू नये. 'तू काय केलेस?', 'तू उत्तर का दिलेस?', 'इतके दिवस का गप्प बसलीस?' हे प्रश्न मनात आले तरी गिळावेत. 'तू सांगितलेस ते बरे केलेस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझा दोष नाही,' ही तीन वाक्ये पुरेशी असतात. ती म्हणताना खर्च काही येत नाही, आणि पुष्कळ घरांत ती कधीच म्हटली जात नाहीत.

दुसरी गोष्ट निर्णयाची. निर्णय तिचा असू द्यावा. ज्या स्त्रीच्या आयुष्यातील प्रत्येक गोष्ट दुसराच ठरवीत आला आहे, तिला आपणही 'आता असेच कर' म्हणून बजावू लागलो, तर मालक तेवढा बदलतो. ती एकदा परत त्या घरी गेली, दोनदा गेली, तरी आपले दार बंद करू नये. मुले असतात, पैसा नसतो, आशाही असते. तिसऱ्या वेळी ती येईल तेव्हा दार उघडे असायला हवे.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. घर सोडण्याचा काळ हा बहुधा सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून जाण्याची तयारी गाजावाजा न करता करावी. आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, मुलांचे जन्माचे दाखले, औषधे, थोडी रोकड आणि एक जोड कपडे, हे विश्वासाच्या घरी आधीच ठेवावे. घरातल्या मुलांना एखादा परवलीचा शब्द शिकवावा. तो ऐकताच शेजारच्या काकूंनी पोलिसांना फोन करावा. तिचा फोन दुसरा कोणी पाहतो का, ती कोठे आहे हे त्यावरून कळते का, हेही तपासावे.

चौथी गोष्ट नोंदीची. पाठलाग करणाऱ्याचे संदेश संतापाने पुसून टाकू नयेत. तारीख, वेळ, जागा, गाडीचा क्रमांक, जवळ कोण होते, हे एका वहीत लिहीत जावे. मार लागला असेल तर रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना खरे कारण सांगावे. पुढे न्यायालयात बोलते ती ही वही आणि तो कागद.

पाचवी गोष्ट पायांची. तिच्याबरोबर जावे. पोलीस ठाण्याची पायरी एकटीने चढणे आणि कोणी बरोबर असताना चढणे, यांत फार अंतर आहे. कचेरीतून येताना तिला बसथांब्यावर गाठावे. न्यायालयाच्या तारखेला तिच्या मुलांना आपल्याकडे ठेवून घ्यावे. डबा द्यावा. यांतले काहीच मोठे नाही, पण तिच्या दृष्टीने मोठे तेवढे हेच आहे.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. त्या पुरुषाला एकट्याने जाब विचारायला जाऊ नये. राग निघतो आपला आणि भोगावे लागते तिला. चार वडीलधाऱ्यांनी बसून 'तूही थोडे सोस, तोही थोडे सोसेल' असा तोडगा काढू नये. मारणारा आणि मार खाणारी यांच्यात मध्य असा नसतो. आणि तिची गोष्ट चर्चेचा विषय करू नये.

आणीबाणीच्या वेळी ११२ हा क्रमांक फिरवावा. स्त्रियांसाठीची मदतवाहिनी १८१ आहे आणि मोफत कायदेशीर साहाय्यासाठी १५१०० आहे. २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्र शासनाच्या योजनेतून मदतकेंद्रे उघडली गेली आहेत. वैद्यकीय उपचार, पोलिसांचे साहाय्य, कायद्याचा सल्ला, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा या गोष्टी तेथे एका छताखाली मिळतात. या केंद्रांना नाव दिले आहे 'सखी'.

अज राजाने आपल्या पत्नीला ज्या शब्दाने आठविले, तोच हा शब्द. त्याने तो उच्चारला तेव्हा ती या जगात नव्हती. पंचकुल्याच्या आराधनेनेही आपल्या सखीसाठी जे केले, त्यातले बहुतेक ती गेल्यानंतरच करावे लागले. आपल्याला ती वेळ येऊ द्यायची नाही. जी आज आहे, तिसऱ्या मजल्यावर राहते, रविवारी 'सगळे ठीक आहे' म्हणून सांगते, तिच्यासाठी आजच काही करता येण्यासारखे आहे.

पाठलाग करणारा मागून चालतो. सोबत करणारा शेजारून चालतो. दोघांच्या पावलांचा आवाज सारखाच असतो. पण एका आवाजाने ती घाबरते आणि दुसऱ्याने तिची मान ताठ होते. या रविवारी तिचा फोन आला, की 'सगळे ठीक ना?' असे विचारू नये, कारण त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले असते. 'काय चालले आहे, सावकाश सांग; मला घाई नाही,' असे म्हणावे. आणि तिने सांगितलेच, तर 'घरी ये' असे म्हणण्याआधी विचारावे, 'मी तिकडे येऊ का?'